संसदेच्या समित्या नेमकं काय करतात? नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

डिसेंबर आला की सिव्हिल लाइन्समधले रस्ते बंद होतात, आमदार निवास भरतं, यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात आणि विधिमंडळ म्हणजे काय हे नागपूरला दोन आठवडे जवळून दिसतं. त्यामुळे सभागृहाच्या कामकाजाबद्दल इथल्या माणसाला बऱ्यापैकी कळतं. समित्यांचं मात्र तसं नाही. ‘विधेयक समितीकडे पाठवलं’ अशी बातमी आली की अर्ध्या लोकांना वाटतं काम झालं, उरलेल्यांना वाटतं काम गुंडाळलं. खालची उत्तरं मुख्यतः दिल्लीतल्या संसदीय समित्यांबद्दल आहेत. राज्याचा विषय जिथे आला तिथे तसं सांगितलं आहे.

महापालिकेची स्थायी समिती आणि संसदेची स्थायी समिती एकाच प्रकारची का?

नाही, आणि सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. महापालिकेच्या स्थायी समितीत १६ नगरसेवक असतात आणि तिच्या हातात पैसा असतो. निविदा मंजूर करणं, कंत्राटांना मान्यता देणं, आयुक्तांचं अंदाजपत्रक तपासून पुढे पाठवणं ही तिची कामं. म्हणून तर तिच्या सभापतिपदासाठी एवढी रस्सीखेच चालते.

संसदेची स्थायी समिती एक रुपयासुद्धा मंजूर करू शकत नाही. ती प्रश्न विचारते, कागद मागवते, अधिकाऱ्यांना समोर बसवते आणि अहवाल लिहिते. तिच्या मंजुरीवाचून मंत्रालयाचं कुठलंच काम अडत नाही. मात्र तिने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं आणि ते उत्तर छापलं जातं.

सभागृह असताना समित्या कशाला लागतात?

वेळ पुरत नाही म्हणून. केंद्राच्या अर्थसंकल्पात प्रत्येक मंत्रालयाची अनुदानाची मागणी, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी मागितलेली रक्कम, वेगळी असते. लोकसभेत त्यातल्या मोजक्याच मंत्रालयांवर सविस्तर चर्चा होते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जातात. याला संसदेच्या भाषेत ‘गिलोटिन’ म्हणतात. लाखो कोटी रुपये असे काही मिनिटांत पार होतात. एरवी अर्थसंकल्प मांडून झाल्यावर अधिवेशनाला मध्ये सुट्टी मिळते आणि त्या काळात विभागीय स्थायी समित्या या मागण्या तपासतात. गेल्या वर्षी दिलेले पैसे का खर्च झाले नाहीत, शेवटच्या तिमाहीतच घाई का झाली, एखाद्या योजनेला यंदा कात्री का लागली, हे प्रश्न तिथे निघतात. मंत्रालयाचे आकडे कुणी ओळीने वाचले असतील तर ते बहुधा याच समितीने.

एकूण समित्या किती आणि कोणत्या?

सगळ्यांची यादी दिली तर वाचणारा पान बंद करेल. मुख्य गट एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

पैशांवर नजर ठेवणाऱ्या तीन आहेत. लोकलेखा समिती झालेला खर्च तपासते. अंदाज समितीत ३० सदस्य, सगळे लोकसभेचे. काटकसर कुठे करता येईल हे ती बघते. सार्वजनिक उपक्रम समिती १९६४ सालची, ती सरकारी कंपन्यांचा कारभार पाहते.

दुसरा गट विभागीय स्थायी समित्यांचा. १९८९ मध्ये शेती, विज्ञान-तंत्रज्ञान आणि पर्यावरण या तीन विषयांच्या समित्यांनी सुरुवात झाली. १९९३ मध्ये १७ समित्यांची रीतसर व्यवस्था उभी राहिली, २००४ मध्ये ती २४ वर गेली. प्रत्येक समितीत ३१ सदस्य: लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०. चोवीसपैकी १६ समित्या लोकसभा अध्यक्षांच्या अखत्यारीत, ८ राज्यसभेच्या सभापतींच्या.

याखेरीज विशेषाधिकार समिती, नीतिमत्ता समिती, मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती, विनंती अर्ज समिती, कुठल्या विषयाला किती वेळ द्यायचा हे ठरवणारी कामकाज सल्लागार समिती अशा बऱ्याच आहेत. शिवाय एकेका कामापुरत्या नेमलेल्या तदर्थ समित्या असतात, त्यांचं काम संपलं की त्या संपतात.

नागपूरशी यांचा संबंध येतो का?

वाटतं त्यापेक्षा पुष्कळ. वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉईल आणि भारतीय खाण ब्युरो, तिघांचीही मुख्यालयं नागपुरात. तिघांची मंत्रालयं वेगळी, पण समिती एकच: कोळसा, खाण व पोलाद. केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था कृषी समितीच्या कक्षेत येतात. नीरी विज्ञान-तंत्रज्ञान व पर्यावरण समितीकडे, मिहानमधलं एम्स आरोग्य समितीकडे, व्हीएनआयटी शिक्षण समितीकडे. स्फोटकं आणि पेट्रोलियम साठ्यांना परवाने देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालयही इथेच आहे, तिचं खातं वाणिज्य समितीच्या कक्षेत.

विदर्भातल्या कापूस उत्पादकाला बोंडअळीच्या संशोधनावर नेमका किती पैसा गेला हे शोधायचं असेल, तर टीव्हीवरच्या चर्चेपेक्षा कृषी समितीचे अनुदानविषयक अहवाल चाळणं बरं.

समितीवर कोण जाणार हे कोण ठरवतं? नागपूरचे खासदार तिथे का दिसत नाहीत?

विभागीय समित्यांवर दोन्ही सभागृहांचे पीठासीन अधिकारी, म्हणजे लोकसभा अध्यक्ष आणि राज्यसभेचे सभापती, सदस्य नेमतात. व्यवहारात नावं पक्षांकडून येतात आणि जागा पक्षाच्या संख्याबळाप्रमाणे वाटल्या जातात. आर्थिक समित्यांवर खासदार आपल्यातूनच प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने सदस्य निवडून देतात.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. मंत्री या समित्यांचे सदस्य होऊ शकत नाहीत आणि सदस्य मंत्री झाला तर त्याचं सदस्यत्व संपतं. ज्याचा कारभार तपासायचा तोच तपासणाऱ्यांत बसायला नको, हा त्यामागचा विचार. नितीन गडकरी २०१४ पासून नागपूरचे खासदार आहेत आणि तेव्हापासून केंद्रात मंत्रीही आहेत, त्यामुळे त्यांचं नाव या याद्यांमध्ये सापडणार नाही. त्यांच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची तपासणी करते ती राज्यसभेच्या अखत्यारीतली परिवहन, पर्यटन व संस्कृती समिती.

एक खोट इथेच सांगायला हवी. या समित्या दरवर्षी नव्याने नेमल्या जातात. खासदाराला विषय समजू लागतो, कोळशाचा दर्जा आणि रॉयल्टी यांतला गुंता सुटू लागतो, तोवर तो दुसऱ्या समितीवर गेलेला असतो. समितीच्या सचिवालयातले अधिकारी जुने नसते तर दरवर्षी पाटी कोरीच राहिली असती.

लोकलेखा समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचाच का असतो?

लिखित नियम नाही, संकेत आहे. १९६७ मध्ये मिनू मसानी अध्यक्ष झाले; विरोधी बाकावरून आलेले ते पहिले. तेव्हापासून हा संकेत टिकला आहे. समिती मात्र त्याहून फार जुनी, १९२१ सालची. ब्रिटिश काळात तिचं अध्यक्षपद खुद्द सरकारच्या वित्त सदस्याकडे असायचं. खर्च करणाराच तपासणी करायचा! १९५० मध्ये राज्यघटना लागू झाल्यावर ती संसदेची समिती झाली.

आज तिच्यात २२ सदस्य असतात, लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७. तिचा कच्चा माल म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे, म्हणजे ‘कॅग’चे अहवाल. नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये महालेखाकार कार्यालय आहे. आपण त्याला ‘एजी ऑफिस’ म्हणतो आणि पेन्शनच्या कागदांपुरतंच ओळखतो. पण खर्चाच्या फाईलवर लेखापरीक्षकाने मारलेला शेरा आधी खात्याकडे उत्तरासाठी जातो. उत्तर पटलं नाही तर तो अहवालाचा परिच्छेद बनतो, अहवाल सभागृहाच्या पटलावर येतो आणि तिथून लोकलेखा समितीकडे जातो. केंद्राचा खर्च असेल तर संसदेच्या समितीकडे, राज्याचा असेल तर विधिमंडळाच्या. सगळेच परिच्छेद तपासणं शक्य नसतं, म्हणून समिती त्यातले निवडते. कुठला निवडला आणि कुठला सोडला, यातही राजकारण असतंच.

अध्यक्ष विरोधी पक्षाचा असला तरी बहुमत सत्ताधाऱ्यांचं असतं, हे विसरू नये. एप्रिल २०११ मध्ये टू-जी स्पेक्ट्रमवरचा, समितीचे तेव्हाचे अध्यक्ष मुरली मनोहर जोशी यांचा मसुदा-अहवाल समितीतल्याच सत्ताधारी आणि त्यांच्या मित्र सदस्यांनी फेटाळला. जोशींनी तो तरीही लोकसभा अध्यक्ष मीरा कुमार यांच्याकडे पाठवला, त्यांनी परत केला.

बैठकीत प्रत्यक्षात काय चालतं?

खासदारांच्या भाषणबाजीची सवय असलेल्याला ही बैठक कंटाळवाणी वाटेल. विषय ठरला की सचिवालय मंत्रालयाला लांबलचक प्रश्नावली पाठवतं. लेखी उत्तरं येतात, त्यावर सदस्यांसाठी टिपणं तयार होतात. मग मंत्रालयाचे सचिव आपल्या अधिकाऱ्यांसह साक्षीला येतात. मंत्र्यांना बोलावण्याची पद्धत नाही. शब्दन् शब्द टिपून घेतला जातो. अधिकाऱ्याला जागच्या जागी उत्तर देता आलं नाही तर ‘लेखी कळवतो’ म्हणून सुटका होते, पण ते लेखी उत्तर द्यावं लागतं आणि अहवालात उतरतं. बैठकीला एकूण सदस्यांपैकी एकतृतीयांश हजर असले की गणपूर्ती होते. मतं समसमान पडली तर अध्यक्षाचं निर्णायक मत.

दिल्लीच्या मंत्रालयात ज्या सचिवाला भेटायला वेळ मिळत नाही, तो इथे पहिल्यांदा निवडून आलेल्या, गोंदिया-गडचिरोलीकडच्या खासदाराच्या प्रश्नालाही उत्तर देत बसतो. माझ्या मते समितीची खरी ताकद यात आहे. अहवाल त्यानंतरची गोष्ट.

हे टीव्हीवर का दाखवत नाहीत?

नियमाप्रमाणे बैठका बंद दाराआड होतात आणि अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत कामकाज गोपनीय असतं. कॅमेरा नसला की खासदार पक्षाचा झेंडा थोडा बाजूला ठेवतो, हा याचा फायदा. विरोधी आणि सत्ताधारी मिळून एकमताने अहवाल देतात, असं आजही बरेचदा घडतं. तोटाही आहे: तुमच्या खासदाराने तिथे तोंड उघडलं की नुसती हजेरी लावली, हे तुम्हाला कळत नाही. उपस्थितीच्या नोंदी मात्र अहवालाला जोडलेल्या इतिवृत्तात मिळतात. निवडणुकीआधी त्या कुणी काढून बघत नाही, एवढंच.

समितीत पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाबद्दलचा पक्षादेश, चालतो का?

पक्षांतरबंदी कायदा सभागृहातल्या मतदानाबद्दल बोलतो, समितीतल्या नाही. पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून समितीत खासदारकी जात नाही. शिवाय घटनेच्या १०५ व्या अनुच्छेदाने समितीत बोललेल्या शब्दाबद्दल आणि दिलेल्या मताबद्दल न्यायालयीन कारवाईपासून संरक्षण आहे. अर्थात, पुढच्या निवडणुकीचं तिकीट कोण देतं हे सगळ्यांना ठाऊक असतं.

विभागीय समितीत न पटलेला सदस्य भिन्नमत टिपण जोडू शकतो. लोकलेखा समितीत तशी सोय नाही.

प्रत्येक विधेयक समितीकडे जातंच का?

नाही. तसा नियमच नाही, आणि आपल्या व्यवस्थेतली मोठी फट हीच. विधेयक मांडलं गेलं की ते पाठवायचं की नाही हे पीठासीन अधिकारी आणि सभागृह ठरवतात, म्हणजे बहुतेकदा सरकारची इच्छा चालते. ‘पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च’च्या आकडेवारीप्रमाणे पंधराव्या लोकसभेत (२००९–१४) ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत (२०१९–२४) हे प्रमाण १६ टक्क्यांवर आलं.

समितीने फरक पडतो का? तीन उदाहरणं बघा.

सप्टेंबर २०२० मध्ये कृषी विधेयकं समितीकडे न पाठवताच मंजूर झाली. राज्यसभेत प्रवर समितीची, म्हणजे फक्त त्या विधेयकांसाठी सभागृहाने नेमायच्या समितीची, मागणी आवाजी मतदानाने फेटाळली गेली. त्यानंतर वर्षभर दिल्लीच्या सीमांवर शेतकरी बसले आणि २०२१ च्या अखेरीस कायदे मागे घ्यावे लागले. समितीत गेली असती तर आंदोलन टळलंच असतं असं म्हणता येत नाही. पण शेतकरी संघटनांचे आक्षेप निदान कायदा होण्याआधी कागदावर आले असते.

दुसरं उदाहरण नव्या फौजदारी कायद्यांचं. ११ ऑगस्ट २०२३ ला विधेयकं मांडली गेली आणि गृह खात्याच्या समितीकडे गेली. नोव्हेंबरमध्ये अहवाल आले. सरकारने जुनी विधेयकं मागे घेऊन डिसेंबरात सुधारित आणली. बऱ्याच दुरुस्त्या स्वीकारल्या, पण व्यभिचाराचा गुन्हा स्त्री-पुरुष भेद न ठेवता परत आणावा ही शिफारस मानली नाही. माझ्या मते बरंच झालं, पण तो वेगळा वाद.

तिसरं, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचं २०१९ चं विधेयक. संयुक्त समितीने दोन वर्षं घेतली, ८१ दुरुस्त्या सुचवल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने विधेयकच मागे घेतलं. समितीमुळे उशीर होतो, ही तक्रार अगदीच खोटी नाही.

जेपीसी (संयुक्त संसदीय समिती) म्हणजे वेगळं काय?

दोन्ही सभागृहांनी मिळून एका ठराविक कामासाठी नेमलेली समिती. बोफोर्स (१९८७), हर्षद मेहता प्रकरण (१९९२), केतन पारेख प्रकरण (२००१), टू-जी (२०११) यांवर जेपीसी नेमल्या गेल्या. घोटाळ्यांवरच्या जेपीसीने कुणाला घाम फोडला, असं फारसं घडलेलं नाही. बहुमत सरकारचं, मग निष्कर्षही बहुधा त्याच बाजूचे. २००३ मध्ये शीतपेयांतल्या कीटकनाशकांवर नेमलेली जेपीसी मात्र वेगळी निघाली. अध्यक्ष शरद पवार होते. समितीने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश असल्याचं मान्य केलं आणि मानकं ठरवायला सांगितलं.

समिती कुणालाही बोलावू शकते?

साक्षीदार बोलावण्याचा आणि कागदपत्रं मागण्याचा अधिकार तिला आहे. बोलावूनही न येणं हा विशेषाधिकारभंग, म्हणजे सभागृहाच्या अधिकारांचा अवमान, ठरू शकतो. देशाच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल या कारणाने सरकार एखादा कागद द्यायला नकार देऊ शकतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये माहिती-तंत्रज्ञान समितीने ट्विटरच्या प्रमुखांना बोलावलं, ते आले नाहीत. नंतर कंपनीचा दुसरा वरिष्ठ अधिकारी हजर झाला.

साध्या माणसाला आपलं म्हणणं समितीपर्यंत पोचवता येतं का?

येतं, आणि यासाठी ओळख लागत नाही.

एखादं विधेयक समितीकडे गेलं की समिती बहुतेक वेळा वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या संकेतस्थळावर जाहिरात देते आणि सूचना मागवते. मुदत थोडी असते, त्यामुळे नजर ठेवावी लागते. निवेदन हिंदीत किंवा इंग्रजीत मागतात. मराठीत लिहिण्याची सवय असलेल्याला हे खटकेल, पण नागपूरकराला हिंदीची अडचण सहसा नसते.

लिहिताना ‘हा कायदा जनविरोधी आहे’ अशी सुरुवात करू नका. तसली शेकडो पत्रं येतात. कलमाचा क्रमांक द्या, त्यातला कोणता शब्द का अडचणीचा आहे ते सांगा, त्याजागी काय हवं ते लिहा आणि आपल्या अनुभवातला एखादा दाखला जोडा. तुम्ही बुटीबोरीत लहान कारखाना चालवत असाल, तर कामगार कायद्यातल्या नोंदवह्यांबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे ते दिल्लीतल्या कुठल्याही तज्ज्ञाला नसतं. तोंडी साक्ष द्यायची तयारी असेल तर तसंही लिहा. निवेदन एकदा पाठवलं की ते समितीची मालमत्ता होतं. अहवाल येण्याआधी ते व्हॉट्सअॅपवर फिरवू नका. तो विशेषाधिकारभंग होऊ शकतो.

विधेयक नसेल तर विनंती अर्ज समितीचा रस्ता आहे. सार्वजनिक हिताचा आणि केंद्राच्या अखत्यारीतला विषय हवा. न्यायालयात चालू असलेलं प्रकरण चालत नाही. अर्ज खासदारामार्फत सादर करता येतो किंवा महासचिवांकडे पाठवता येतो. बर्डीवरचा खड्डा तिथे जाणार नाही, राष्ट्रीय महामार्गावरचा जाऊ शकेल.

समित्या नागपूरच्या दौऱ्यावर येतात, त्याचा उपयोग होतो का?

दौरा नीट आखला असेल तर होतो. कोळसा खाणीच्या पुनर्वसनाचा प्रश्न दिल्लीच्या टेबलावर कळत नाही, उमरेडच्या बाजूला जाऊन गावकऱ्यांशी बोलल्यावर कळतो. पण दौऱ्यातली चर्चा अनौपचारिक असते, रीतसर साक्ष दिल्लीतच नोंदवली जाते. आणि हो, दुपारपर्यंत सादरीकरण, मग ताडोबा, असेही दौरे होतात. ते ओळखायला फार हुशारी लागत नाही.

राज्याच्या समित्यांचं काय?

रचना बरीचशी तशीच: लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, आश्वासन समिती. पंचायत राज समिती जिल्हा परिषदेत आली की काय धावपळ उडते ते कुठल्याही ग्रामसेवकाला विचारा. विधेयकांसाठी इथे संयुक्त चिकित्सा समिती नेमतात. ताजं उदाहरण जनसुरक्षा विधेयकाचं. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातच ते मांडलं गेलं आणि समितीकडे पाठवलं गेलं. अध्यक्ष महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे होते. बारा हजारांवर सूचना आल्या, काही बदल झाले आणि जुलै २०२५ मध्ये विधेयक मंजूर झालं. इथे मंत्रीच अध्यक्ष होते, हा दिल्लीतल्या स्थायी समित्यांशी मोठा फरक.

सरकारने शिफारस मानली नाही तर? आणि अहवाल वाचायचा कसा?

शिफारशी बंधनकारक नाहीत. पण सरकारला साधारण तीन महिन्यांत प्रत्येक शिफारशीवर काय केलं ते कळवावं लागतं आणि समिती त्यावर दुसरा, कार्यवाही अहवाल काढते. सगळे अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर हिंदी-इंग्रजीत फुकट मिळतात.

मूळ अहवाल पहिल्या पानापासून वाचायला बसलात तर दहाव्या पानावर डुलकी लागेल. निष्कर्ष आणि शिफारशी आधी वाचा. त्याहून चांगलं म्हणजे कार्यवाही अहवालच उघडा. त्यात ठरलेली पाच प्रकरणं असतात. पहिल्यात समितीचं भाष्य, दुसऱ्यात सरकारने मानलेल्या शिफारशी, तिसऱ्यात सरकारचं उत्तर ऐकून समितीने सोडून दिलेल्या, चौथ्यात सरकारचं उत्तर समितीला न पटलेल्या आणि पाचव्यात अंतिम उत्तर अजून न आलेल्या. आपल्या विषयाची समिती शोधा, तिचा शेवटचा कार्यवाही अहवाल काढा आणि थेट चौथ्या प्रकरणाला हात घाला. मंत्रालय आणि समिती नेमक्या कुठल्या मुद्द्यावर अडले आहेत ते तिथे लिहिलेलं असतं, सचिवाच्या उत्तरासकट.